विदर्भाचा कापूस, सस्टेनेबल कापड आणि आपलं नागपूर – लोकांपर्यंत न्यायचं कसं, कंपन्यांना सोबत बसवायचं कसं?

पळसफूल
नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून हिवाळ्यात नागपुरात एक दोन दिवसांचा कार्यक्रम करायचं म्हणून राहिलो. विषय सस्टेनेबल कापड, म्हणजे कापसापासून तयार कपड्यापर्यंत माती-पाण्याला कमी त्रास देणारं जे काही नवीन काम चालू आहे ते लोकांसमोर मांडायचं आणि त्याच जागी मिलवाले, जिनिंगवाले (कापसातून सरकी वेगळी काढणारे), विणकर, शेतकरी, कॉलेजवाले यांना एकमेकांशी बोलायला लावायचं. मी टेक्स्टाईल डिझाईन शिकवते, त्यामुळे पोरापोरींची फौज आहे, उत्साहाची कमी नाही.

पण खरं सांगू का, अशा कार्यक्रमांचा मलाच कंटाळा आलाय. दीपप्रज्वलन, पोस्टर स्पर्धा, कापडी पिशव्यांचं वाटप, "एका टीशर्टला २७०० लिटर पाणी" असा एक मोठ्ठा फलक, सेल्फी पॉइंट, संपलं. दुसऱ्या दिवशी सगळे परत ऑनलाईन सेलमध्ये.

बरं नागपुरात काय नाही ते सांगा. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे, अमरावती रोडला वाडीजवळ सिरकॉटचं (कापूस तंत्रज्ञानावर काम करणारी केंद्रीय संस्था) जिनिंग ट्रेनिंग सेंटर आहे, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे, राज्याच्या वस्त्रोद्योग खात्याचं मुख्य ऑफिस इथं, विणकर सेवा केंद्र इथं, बुटीबोरीत मिला. तिकडे वर्ध्यात मगन संग्रहालय आणि ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी एमगिरी, अमरावतीला पीएम मित्रा या मोठ्या वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन होऊन गेलं सप्टेंबर २०२४ मध्ये. इतकं सगळं असून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन "विदर्भाच्या कापसाचा, इथंच कातलेला आणि इथंच विणलेला शर्ट दाखवा" म्हटलं की दुकानदार आपल्या तोंडाकडे बघतो. तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, एक म्हणजे तुम्ही स्वतः असल्या कार्यक्रमाला काय असलं तर याल, आणि दुसरं, कंपन्यांचे लोक बॅनरला पैसे देऊन मोकळे होतात त्याच्या पुढे त्यांना कसं आणायचं?

धरमपेठ_एक्सप्रेस
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, तर्री पोहा असला तर येईन 😄

आता सिरियसली. मी साधी गिऱ्हाईक आहे, घरात दोन शाळकरी पोरं. मला पर्यावरणाची काळजी आहे हो, पण प्रदर्शनात गेलं की "इको" लिहिलेला कुर्ता तीन हजारचा आणि वरून ती मुलगी मला फास्ट फॅशनवर लेक्चर देते. आपल्या आया-आज्यांनी जुन्या लुगड्याच्या वाकळी शिवल्या, आम्ही मोठ्या भावाचे शर्ट वापरले, आम्हाला कोण शिकवतंय. भाषण कमी करा आणि रोज वापरायचं काहीतरी दाखवा, टॉवेल, चादर, शाळेचा ड्रेस. आणि किंमत लिहा. किंमत नसलेल्या स्टॉलवर मी थांबतच नाही.

पऱ्हाटीवाला
ताई तो २७०० लिटरवाला फलक लावजा नका, हात जोडतो. तो पाहून आमच्यासारख्याले राग येते. आमच्या सावनेर-कळमेश्वर पट्ट्यात कापूस कोणाच्या पाण्यावर होते? पावसाच्या. आला तर आला नाही तर गेला. विहीर असली तरी तिचं पाणी संत्र्याले नाही तर भाजीपाल्याले जाते, कापसाले कोण देते. आणि शहरातले लोक फलक वाचून म्हणतात पहा हे शेतकरी किती पाणी पितात. अबे आम्ही आभाळाकडे पाहून राहिलो जूनपासून!

बुटीबोरी_शिफ्ट
भाऊ बरोबर बोलले. तो आकडा जगाच्या सरासरीतून आलेला आहे, त्यात शेतावर पडलेला पाऊसही धरलेला असतो. उझबेकिस्तानात नदीचं पाणी वळवून अरल समुद्र आटवला तो कापूस आणि आपला कोरडवाहू कापूस एकाच आकड्यात बसवले की काहीच कळत नाही. पाण्याची खरी गोष्ट आपल्याकडे शेतात नाही, रंगाईत आहे.

मी प्रोसेस हाऊसमध्ये काम करतो, कुठल्या ते विचारू नका. सुती कापड रिअॅक्टिव्ह रंगाने रंगवायचं तर भरमसाट मीठ टाकावं लागतं, नाहीतर रंग धाग्याकडे जातच नाही. मग सोडा. एवढं करून सगळा रंग धाग्याला बसत नाही, बराचसा भाग धुऊन निघतो आणि पाण्यात जातो. म्हणजे ते पाणी रंगीत पण आहे आणि खारट पण. रंग काढता येतो, मीठ काढणं महाग आहे, त्यासाठी आरओ (घरच्या वॉटर फिल्टरसारखा, पण मोठा) लागतो आणि आरओतून उरलेलं घट्ट पाणी उकळून आटवावं लागतं, त्याला वाफ लागते, वाफेला कोळसा लागतो. तिरुपूरला मद्रास हायकोर्टाने जानेवारी २०११ मध्ये रंगाईची युनिटं बंद केली तेव्हा सगळ्या देशाला हे कळलं. आज तिथले लोक पाणी आणि मीठ दोन्ही परत वापरतात. आता प्रदर्शनात लोकांना दाखवायचं तर हे दाखवा ना, तीन काचेच्या बरण्या, रंगाईतून निघालेलं पाणी, शुद्ध केलेलं पाणी आणि तिसरीत आटवून उरलेलं मीठ. पोरं तिथून हलणार नाहीत. फक्त बरणी कोणत्या मिलची ते लिहू नका, नाहीतर एकही मिल बरणी देणार नाही.

पळसफूल
बरण्यांची कल्पना उचलली! फलक रद्द. (आमच्या पोरांनी तो डिझाईन पण करून ठेवला होता, रडतील.)

मिलवाले देतील का पण खरंच? मागे एका कंपनीकडे गेलो होतो, त्यांच्या सीएसआरवाल्यांनी (कंपनीचं समाजकार्य बघणारे) गोड बोलून चहा पाजला, झाडं लावल्याचे फोटो दाखवले, प्रोसेसचं नाव काढलं की "ते प्लांटचे लोक बघतात".

बुटीबोरी_शिफ्ट
मग सीएसआरकडे जाता कशाला. सीएसआरचं काम फोटो. तुम्हाला भेटायचं आहे डाईंग मास्टरला, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) इंजिनियरला, फार तर परचेसवाल्याला. ही माणसं कधी कोणत्या स्टेजवर नसतात, त्यांना कोणी बोलावतच नाही. बोलावलं तर रविवारी स्वतःच्या गाडीने येतील.

वर्ध्याची_लेक
मी काही वर्षं खादीत काम केलंय म्हणून लिहिते. पळसफूल नाव पाहून हसू आलं, कारण मार्च आला की आम्ही खरोखरच पळसाची फुलं गोळा करायचो. सुकवून ठेवायची, उकळायची, तुरटीचा हात दिलेल्या कापडावर काय सुंदर पिवळा येतो. हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यातून काळा. यात मीठ नाही की सोडा नाही. तुमच्या कार्यक्रमात हे जिवंत करून दाखवता येईल, चुलीवर पातेलं ठेवून, लोकांनी रुमाल आणायचा आणि रंगवून न्यायचा.

बुटीबोरी_शिफ्ट
ताई रुमाल ठीक आहे. पळसाचा पिवळा उन्हात किती टिकतो ते पण सांगा की. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर चार वेळा वाळवला की गेला.

वर्ध्याची_लेक
जातो, नाकारत कुठे आहे. मंजिष्ठ आणि नीळ टिकतात, हळद आणि पळस उडतात. म्हणून तर सावलीत वाळवायला सांगतो. पण दादा, मी असं म्हणत नाही की बुटीबोरीने उद्यापासून पळसात रंगवावं, तेवढी फुलं आणायची कुठून, जंगल ओरबाडावं लागेल. छोट्या लॉटला हे जमतं. मोठ्या लॉटला तुम्ही मीठ कमी लागणारे रंग आणा. दोन्ही एकाच मांडवात असू देत, भांडायची गरज नाही.

जिनिंगकाका
नमस्कार. वय झालं, टाईप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. माझी हयात हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेली. सगळे रंग आणि कपडे बोलून राहिले, जिनिंगचं कोणी नावच घेत नाही, नेहमीसारखंच.

डबल रोलर मशीन पाहिली आहे का कोणी? ही मशीन आपल्या नागपुरात बनते आणि आफ्रिकेपर्यंत जाते. तिच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात, एकावर एक. रोलर फिरतो, त्याला सुरी घासून राहते, चामडं रुईला धरून ओढते आणि सरकी खाली पडते. आता हे चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. घासून घासून त्याची भुकटी होते आणि ती जाते कुठे, थोडी रुईत, थोडी हवेत. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बहुतेक बाया. तोंडाला पदर बांधून दिवसभर त्या धुळीत. संध्याकाळी पदर झटकला की त्यातून बारीक निळसर-राखाडी भुकटी पडायची, ती मी पाहिली आहे. सिरकॉटने यावर रबराचे रोलर काढले, क्रोम नाही असे. जिनिंग ट्रेनिंग सेंटरला विचारा, दाखवतील. हे खरं संशोधन, आपल्या गावचं, आणि नागपूरच्या दहा माणसांना विचारा, एकाला माहीत असलं तर मले सांगा.

दुसरं, कापसातला कचरा. वेचणी होते खताच्या प्लॅस्टिक पोत्यात. पोत्याचा तार निघतो, कापसात जातो, जिनिंगमध्ये तुकडे होतात, सुतात विणला जातो, आणि प्लॅस्टिकला रंग बसत नाही म्हणून रंगवल्यावर कापडावर पांढरी रेघ दिसते. आख्खा ताका रिजेक्ट. म्हणजे रंग, पाणी, वाफ सगळं वाया. त्या तारेसाठी मिलवाले आपल्या कापसाले नावं ठेवतात आणि भाव पाडतात. सुती पिशवीत वेचा म्हणून संस्था किती वर्षांची सांगून राहिली.

पऱ्हाटीवाला
काका नमस्कार. सुती पिशवी कोण देते आम्हाले? खताचं पोतं घरात फुकट पडून असते. आणि चांगला स्वच्छ कापूस नेला तरी व्यापारी एकाच ढिगात टाकते, भाव तोच. मंग कोण कष्ट करते. वेचणीवाल्या बाईले किलोवर पैसे, ती पटपट वेचन का तार पाहत बसन?

जिनिंगकाका
बरोबर बोलला बापा. ढीग एक झाला की सगळं संपलं. हाच रोग आहे.

तांडापेठकर
काकांची पोस्ट वाचून लिहायला बसलो. आमचं घराणं विणकरांचं, आजोबांकडे चार माग होते, बाबांकडे दोन, मी बँकेत. तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक, एकेकाळी सकाळी गल्लीतून गेलं की खटखट शिवाय काही ऐकू यायचं नाही. आता एखाद्या घरी माग आहे आणि त्यावर बसणारा साठीच्या पुढचा.

जनजागृतीबद्दल आमच्या गल्लीला विचाराल तर लोक हात जोडतील. दरवर्षी ७ ऑगस्टला हातमाग दिन आला की कोणीतरी कॅमेरा घेऊन येतं. एका संस्थेने तर (नाव नको) बाबांचा दिवसभर व्हिडिओ काढला, करवती किनारीचं तीन धोट्यांचं काम, इकडून एक तिकडून एक आणि मधे एक, किनारीचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवत करवतीचे दाते कसे पाडतात ते सगळं. नमुने नेले, कंपन्यांना दाखवतो म्हणाले. व्हिडिओ छान आहे. ऑर्डर आजपर्यंत नाही. नमुने पण नाही आले परत.

आणि गंमत ऐका. आम्ही कापसाच्या राजधानीत बसलो आहोत आणि मागावर चढतं ते सूत बहुतेक दक्षिणेतून येतं, लडीच्या गठ्ठ्यात. पऱ्हाटीवाला भाऊंच्या शेतातून कापूस जातो हजार किलोमीटर आणि सूत होऊन परत येतो, ते पण येतोच असं नाही, कोणाच्या शेतातला ते देव जाणे. एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथंच का सुरू केली, तर कापूस बाजूला होता म्हणून. ती २००२ ला बंद पडली, आता मॉल आहे. त्या मॉलमध्ये विदर्भाच्या सुताची एक चिंधी सापडली तर दाखवा.

धरमपेठ_एक्सप्रेस
तांडापेठकर, हे वाचून वाईट वाटलं. पण मग बुटीबोरीत मिला आहेत ना, त्यांनी इथलाच कापूस घेऊन इथंच सूत द्यायला काय हरकत आहे? मला खरंच कळत नाही म्हणून विचारते.

बुटीबोरी_शिफ्ट
मिल इथला कापूस घेतेच. पण "हा अमुक गावचा कापूस, वेगळा काता" म्हटलं की घोडं अडतं. सूतगिरणीत एका मिक्सिंगला रुईच्या वीस-तीस-चाळीस दाबलेल्या गाठी शेजारी शेजारी मांडतात आणि प्रत्येकीतून थोडा थोडा कापूस उचलतात, म्हणजे सूत एकसारखं येतं. तुम्ही दोन गाठी घेऊन आलात तर त्यासाठी अख्खी लाईन रिकामी करायची, साफ करायची, परत सेटिंग करायचं, तेवढ्या वेळाचं प्रॉडक्शन गेलं. मॅनेजर दुष्ट नसतो, त्याला महिन्याचं टार्गेट असतं.

आता हिशोब करा. एक गाठ १७० किलोची. वीस गाठी म्हणजे ३४०० किलो रुई. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे १०० क्विंटल कापूस झाला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरा, वीस-पंचवीस एकर. म्हणजे एका गावातले सात-आठ शेतकरी एकत्र आले की वीस गाठी. हे अशक्य आहे का भाऊ तुम्हीच सांगा. त्यातून कचरा, तूट जाऊन २८००-२९०० किलो सूत, पुढे विणकाम, कटिंगची तूट, एका शर्टाला पाव किलो कापड धरलं तर दहा हजाराच्या आसपास शर्ट. वीस गाठी घेऊन या आणि सोबत हे सूत कोण घेणार त्याचं नाव सांगा, मिल नाही म्हणणार नाही, कारण तिच्यासाठी तो एक छोटा का होईना पण पक्का ऑर्डर आहे. नुसती "सहयोग करा" अशी चिठ्ठी आणली तर चहा मिळेल.

पळसफूल
शिफ्टभाऊ ही पोस्ट मी प्रिंट काढून आमच्या मीटिंगला नेणार आहे.

म्हणजे मला जे इतके दिवस खुपत होतं ते इथं आहे. आपण जागृती करतो ती एकेका गिऱ्हाईकाची, तू एक कुर्ता घे, तू एक पिशवी घे. आणि सूतगिरणीला लागते दहा हजार शर्टांची खात्री. हे दोन टोकं कधी भेटतच नाहीत. दहा हजार एकदम घेणारे कोण आहेत शहरात? शाळा. हॉस्पिटलच्या चादरी. हॉटेलचे टॉवेल. तर मग आपली जनजागृती सीताबर्डीच्या गर्दीत करण्यापेक्षा शाळांच्या पालक सभेत आणि हॉस्पिटलच्या स्टोअर ऑफिसरच्या टेबलावर जायला पाहिजे. कार्यक्रम करूच, पण पहिल्या दिवशी फक्त घेणारे आणि बनवणारे, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी.

धरमपेठ_एक्सप्रेस
शाळेचा शर्ट म्हणत असाल तर थांबा. शुद्ध कॉटन शर्टला रोज इस्त्री कोण करणार? आत्ताचा टेरिकॉटचा शर्ट रात्री धुतला सकाळी घातला. तुमचा सस्टेनेबल शर्ट माझ्या डोक्यावर बसणार असेल तर मी पालक सभेत विरोधात मत देईन, आधीच सांगून ठेवते.

हो, पण एप्रिलमध्ये पोरं शाळेतून येतात तेव्हा तो टेरिकॉट पाठीला चिकटलेला असतो, घामोळ्या येतात, ते पण आहे. त्र्येचाळीस डिग्रीत पॉलिस्टर घालायचं कोणी ठरवलं कोण जाणे.

वर्ध्याची_लेक
शर्ट अवघड आहे तर पीटीच्या दिवसाचा टीशर्ट घ्या, होजिअरीला इस्त्री लागत नाही. तोही सध्या बहुतेक शाळांत पॉलिस्टरच असतो.

धरमपेठ_एक्सप्रेस
हां, हे चालेल. याला मी मत देईन.

संत्रानगरी_०७१२
सगळे कापूस कापूस करून राहिले, संत्रा विसरले का? इटलीत सिसिलीमध्ये संत्र्याच्या सालीपासून कापड करतात, ऑरेंज फायबर नावाची कंपनी आहे २०१४ ची. नागपूरने हे करायला पाहिजे, ब्रँडिंग तर तयार आहे!!

पळसफूल
ती पोरांची सगळ्यात आवडती कल्पना आहे :) अडचण अशी की ते ज्यूसच्या कारखान्यातून उरलेला चोथा वापरतात, एका जागी ढीगभर मिळतो. आपला संत्रा लोक सोलून खातात आणि साल दिल्लीच्या नाहीतर ढाक्याच्या कचऱ्यात जाते. मोठे ज्यूस प्लांट चालले तर बघू. तोवर सालीचा एक स्टॉल ठेवू, फोटोसाठी.

पऱ्हाटीवाला
सालीपेक्षा पऱ्हाट्याचं पहा. कापूस निघाला की उभ्या पऱ्हाट्या शेतात राहतात, आम्ही उपटून धुऱ्यावर जाळतो, थोड्या चुलीले. त्याच्यात बोंडअळी पण लपून बसते. वाडीच्या सेंटरले मी गेलो होतो शेतकऱ्यांच्या सहलीत, तिथं पऱ्हाट्यापासून बोर्ड बनवून दाखवला, टेबलासारखा टणक, आणि जळणाच्या कांड्या. मस्त वाटलं. पण माझ्या शेतातून कारखान्यापर्यंत पऱ्हाटी नेणार कोण? ट्रॅक्टरभर पऱ्हाटी म्हणजे अर्धी हवा. भाडंच निघत नाही. गावात कुट्टी करायची मशीन फिरती ठेवली तर जमन.

तांडापेठकर
हे कुट्टीवालं कोणत्याही सीएसआरला सांगा, याचा फोटो पण चांगला येईल 😀

गांधीबाग_ठोक
आमचं ठोकचं दुकान आहे. सगळं वाचतोय. एक व्यापारी म्हणून बोलतो, राग मानू नका. "ऑरगॅनिक" हा शब्द टाळा. २०२० मध्ये जीओटीएस या सर्टिफिकेटवाल्या संस्थेनेच जाहीर केलं होतं की भारतात वीस हजार टन कापूस खोट्या कागदांवर ऑरगॅनिक म्हणून विकला गेला. तेव्हापासून बाहेरचा खरेदीदार भारतातला ऑरगॅनिक म्हटलं की भिंग घेऊन बसतो. माझ्याकडे पण लोक येतात, लेबल दाखवतात, मी म्हणतो बिल दाखवा, मग गप्प.

वर्ध्याची_लेक
शंभर टक्के सहमत. आणि शेतकऱ्याच्या बाजूने पण ऑरगॅनिक म्हणजे थट्टा नाही. २००२ ला बीटी आलं, आता बिनबीटीचं चांगलं सरळ वाणाचं बी शोधत फिरावं लागतं, आणि शेजारच्या बांधापलीकडे बीटी असतंच, मधमाशी काही सर्टिफिकेट वाचत नाही. त्यापेक्षा "या गावचा, या शेतकऱ्यांचा, या जिनिंगमध्ये वेगळा ठेवलेला" एवढंच सांगा आणि ते खरं असू द्या. फवारणी किती केली ते पण लिहा, शून्य नसली तरी लिहा. २०१७ मध्ये बोंडअळीने बीटीचं काय केलं आणि फवारणीने यवतमाळात माणसं कशी गेली ते विदर्भात कोणाला सांगायला नको.

पऱ्हाटीवाला
सांगा ताई बिनधास्त, लपवायचं काय हाय. पण मले एक सांगा, माझा कापूस वेगळा ठेवला, सुती पिशवीत वेचला, फवारणीची वही ठेवली, मंग मले हमीभावाच्या वर किती? लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ ले ८११० हाय. तो पण खेड्यातला व्यापारी देत नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं तवा तर विचारूच नका. वर दोन-चारशे भेटत असतील क्विंटलमागं तर आमच्या गावचे आठ-दहा जण मी आणतो. नुसतं प्रमाणपत्र आणि शाल-श्रीफळ असन तर कापूस नेहमीच्या ढिगात.

बुटीबोरी_शिफ्ट
क्विंटलला चारशे म्हणजे रुईवर किलोला बारा रुपयांच्या आसपास, कारण सगळा बोजा ३४ किलो रुईवर येतो. शर्टावर तीन-चार रुपये. खरंच एवढंच आहे. शेतकऱ्याला जास्त दिले म्हणून शर्ट तीन हजाराचा होत नाही, तो होतो मधल्या माणसांमुळे आणि छोट्या लॉटमुळे.

धरमपेठ_एक्सप्रेस
तीन-चार रुपये??? मग स्टॉलवर हेच लिहा की मोठ्या अक्षरात! हे वाचलं तर मी थांबेन.

गांधीबाग_ठोक
मधल्या माणसांमध्ये मी पण येतो, असू द्या 😅 पण गोदाम, उधारी, परत आलेला माल, हे पण कोणाला तरी झेलावं लागतं. मला पहिल्या दिवशी बोलवा, पीटीच्या टीशर्टचे कोटेशन कसे चालतात ते मी सांगतो. शाळा जूनसाठी डिसेंबर-जानेवारीत ठरवतात. तुमचा कार्यक्रम फेब्रुवारीत झाला तर वर्ष गेलं.

पळसफूल
अरे बाप रे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. नोव्हेंबर अखेर करतो मग. पहिला वेचा पण तेव्हा घरात आलेला असेल, बरोबर ना भाऊ?

अजून एक, कापूस संशोधन संस्थेने वैदेही-९५ नावाचं तपकिरी कापसाचं वाण काढलंय, बोंडातच रंगीत, रंगाईच नको. त्याची बोंडं ठेवता आली तर बरण्यांच्या शेजारी ठेवावी म्हणते.

जिनिंगकाका
ठेवा पण लोकांना पूर्ण सांगा. रंगीत कापसाचं उत्पन्न कमी, धागा आखूड, आणि पांढऱ्या कापसाजवळ पेरला तर परागकण जाऊन पांढऱ्यात तपकिरी यायची भीती. जिनिंगमध्ये त्याच्यासाठी मशीन पूर्ण झाडून घ्यावी लागते. नाहीतर उद्या चार शेतकरी फोटो पाहून पेरतील आणि घेणारा कोणी नसेल.

स्वाती_नक्षत्र
उशिरा आले. जुन्या कपड्यांचं काय? युरोपात १ जानेवारी २०२५ पासून जुनं कापड वेगळं गोळा करणं बंधनकारक केलंय. आपल्याकडे भांडेवाली यायची, चार साड्या घेऊन एक स्टीलचं पातेलं, घासाघीस करून झाकण. आता सोसायटीत तिला गेटवरच अडवतात आणि मग आपणच व्हॉट्सअॅपवर विचारतो जुने कपडे कुठे द्यायचे.

बुटीबोरी_शिफ्ट
शुद्ध सुती किंवा शुद्ध लोकर असली तर पिंजून परत कातता येते, हरियाणात पानिपतला हा धंदा मोठा आहे. धागा आखूड होतो म्हणून नवा कापूस मिसळावा लागतो. पण लायक्रा मिसळलेली जीन्स आली की सगळं अडकतं. भांडेवालीला गेटमधून आत सोडा, तिची छाटणी कोणत्याही मशीनपेक्षा चांगली असते, हात लावून सांगते टेरिकॉट का सुती.

पळसफूल
भांडेवाल्या मावशींना दुसऱ्या दिवशी बोलवू, छाटणी करून दाखवायला, आणि दिवसाची मजुरी देऊ, फुकट नाही.

आजचं अपडेट. एका सूतगिरणीचे लोक बोलायला तयार झालेत, पण म्हणाले आधी नमुन्याचा रिपोर्ट आणा, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर (म्हणजे धागा किती बारीक ते), मजबुती. तर भाऊ, पहिल्या वेच्याचा कापूस वेगळा ठेवाल का? सुती पिशवीतच हवा, म्हणजे काकांची तार यायला नको.

पऱ्हाटीवाला
ठेवतो. पण पिशव्या कुठं हायेत?

तांडापेठकर
बाबांच्या मागावर जाडं सुती कापड पडून आहे, त्याच व्हिडिओवाल्यांसाठी विणलेलं. पन्नासेक पिशव्या होतील. शिवायचं तुमच्या पोरींनी बघावं.

पळसफूल
शिवतो. कापडाचे किती द्यायचे?

तांडापेठकर
बाबांना विचारून सांगतो. उधार नाही म्हणालेत, एवढं आत्ताच लिहायला सांगितलं.